राणीशेजारचा राजा

राजा म्हटला कीं त्याच्या डाव्या अंगास राणी, हें चित्र आपल्या मनांत लहानपणापासून ठसलेलें असतें. परंतु राज्य राणीचें असेल, सिंहासन वडिलांकडून तिच्याकडे आलेलें असेल आणि तिचा पति जिवंत असेल, तर त्या पतीचें स्थान कोणतें? त्यानें सिंहासनावर बसावयाचें, कीं शेजारीं उभें राहावयाचें? नाण्यावर त्याचा मुखवटा उमटावयाचा कीं नाहीं? वरवर पाहतां हा प्रश्न दरबारी शिष्टाचाराचा वाटतो. परंतु थोडा विचार केला तर दिसून येईल कीं, पहिलें स्थान दुसऱ्याचें आहे हें मनापासून मान्य करून त्याच्या शेजारीं आयुष्य काढावयाचें कसें, हा प्रश्न राजवाड्याइतकाच आपल्या साध्या घरांतही उभा राहतो. ज्या एका पुरुषानें हें दुसरें स्थान पत्करलें, त्याची हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहें.

आपल्या इतिहासांत कर्तबगार स्त्रियांची वाण नाहीं. इ. स. १७०० मध्यें राजाराममहाराज सिंहगडावर निवर्तले आणि ताराबाईसाहेबांनीं औरंगजेबासारख्या शत्रूसमोर राज्य तोलून धरलें. कोल्हापुरास संभाजीमहाराजांच्या मागें जिजाबाईसाहेबांनीं १७७३ पर्यंत कारभार हांकला. इंदूरच्या अहल्याबाईंचें नांव तर घरोघरीं आहे. परंतु या तिघींच्या बाबतींत एक गोष्ट समान आहे. पति गेल्यानंतरच राज्याचा भार त्यांच्यावर आला. अहल्याबाईंचे पति खंडेराव हे १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत पडले, पुढें सासरे गेले, मुलगा गेला, आणि मग १७६७ पासून त्यांचें राज्य सुरू झालें. आपल्याकडे स्त्री गादीची रक्षक झाली ती बहुधा मुलाच्या नाहीं तर दत्तकाच्या नांवानें. राज्य करणाऱ्या राणीच्या जिवंत पतीला कोठें बसवावयाचें, ही अडचण त्यामुळें आपल्याला फारशी जाणवली नाहीं.

पोर्तुगाल देशांत मात्र ती खरोखरच उत्पन्न झाली. आणि तो देश आपल्याला परका म्हणून सोडून देतां येत नाहीं. आमच्या मलकापुराहून आंब्याचा घाट उतरला कीं कोंकण लागतें, आणि कोंकणच्या दक्षिण टोंकाशीं गोवें आहे. त्या गोव्यावर साडेचारशें वर्षें, म्हणजे १५१० पासून १९६१ पर्यंत, पोर्तुगालची सत्ता होती. ज्या जोडप्याची ही हकीकत आहे तें लिस्बन शहरीं राज्य करीत असतां कोल्हापूर, सावंतवाडी आणि पुणें या तिन्ही दरबारांचा त्यांच्या गोव्यांतील अधिकाऱ्यांशीं नित्याचा संबंध होता. त्या राणीचें नांव मारिया पहिली, आणि तिच्या शेजारीं बसलेल्या राजाचें नांव पेद्रु तिसरा.

पेद्रुचा जन्म लिस्बन येथें ५ जुलै १७१७ रोजीं झाला. पांचवा जुवांव या राजाचा तो धाकटा मुलगा. ब्राझिलच्या खाणींतील सोन्याचा ओघ लिस्बनकडे वाहत होता, असा तो वैभवाचा काळ होता. थोरला भाऊ जुझे हा त्याच्याहून तीन वर्षांनीं मोठा असल्यामुळें गादी त्याची ठरलेली होती. धाकट्या राजपुत्राला अशा वेळीं दोनच वाटा मोकळ्या असतात. एक कारस्थानाची आणि दुसरी समाधानाची. पेद्रुनें दुसरी धरली. देवधर्म, संगीत, घोडे आणि इमारती यांत त्याचें मन रमे. लिस्बनच्या पश्चिमेस केलुझ नांवाच्या ठिकाणीं एक जुना वाडा त्याच्या वांट्यास आला होता. १७४७ मध्यें मातेउश व्हिसेंत द ओलिव्हैरा या शिल्पज्ञाकडून त्यानें तेथें नव्या राजवाड्याचें काम सुरू केलें, आणि पुढें रोबियों नांवाच्या फ्रेंच कारागिराच्या देखरेखीखालीं तें वाढत गेलें. तेथील बागेंत एक कालवा आहे. त्याच्या भिंती निळ्यापांढऱ्या चित्रांच्या फरशांनीं मढविलेल्या असून उन्हाळ्याच्या दिवसांत राजघराण्यांतील मंडळी त्यांत होडींतून फिरत असत.

१७५० मध्यें वडील वारले आणि जुझे गादीवर बसला. या राजाला मुलगा नव्हता. चार मुलीच होत्या. थोरली मारिया ही १७ डिसेंबर १७३४ रोजीं जन्मलेली. तिचें लग्न कोणाशीं करावें हा केवळ घरगुती प्रश्न नव्हता. पोर्तुगालच्या लोकांना १५८० ते १६४० हीं साठ वर्षें अजून विसरतां आलीं नव्हतीं. त्या साठ वर्षांत स्पेनच्या राजानें त्यांचें राज्य गिळलेलें होतें. राजकन्येस परदेशी नवरा केला तर त्याच्या पाठोपाठ परदेशी सत्ता घरांत शिरेल, ही भीति त्यामुळें सर्वांना वाटे. शेवटीं तोड निघाली ती अशी कीं, मारियेचें लग्न तिच्या सख्ख्या चुलत्याशींच लावावयाचें.

श्रोतेहो, हें ऐकून आपण कानांवर हात ठेवाल. कर्नाटकाच्या सीमेलगत राहणाऱ्या आम्हां लोकांना मामा-भाचीचें लग्न नवें नाहीं, परंतु चुलत्याचें आणि पुतणीचें नातें म्हणजे बापलेकीचेंच नातें, असें आपण मानतों. त्यांच्या धर्मांतही असल्या लग्नास बंदी होती आणि त्यासाठीं रोमच्या पोपची खास परवानगी आणावी लागली. ६ जून १७६० या दिवशीं, म्हणजे राजा जुझेच्या वाढदिवशींच, हा विवाह झाला. वधू पंचवीस वर्षांची आणि वर बेचाळीस वर्षांचा होता. ज्या लग्नाचा पाया निव्वळ राजकारणावर रचलेला होता तें सुखाचें होईल अशी अपेक्षा कोण करील? तथापि तें सुखाचें झालें, असेंच सर्व इतिहासकार सांगतात. दोघेंही स्वभावानें भाविक आणि घरगुती होतीं. त्यांना मुलें झालीं; त्यांतील जुझे, जुवांव आणि मारियाना व्हितोरिया हीं तीन मोठीं झालीं.

या लग्नानंतर सतरा वर्षें जोडप्याला थांबावें लागलें, आणि तो काळ सुखाचा नव्हता. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बनला जो प्रचंड भूकंप झाला, त्यांत राजवाड्यासकट बहुतेक शहर नष्ट झालें होतें. राजा जुझेच्या मनानें त्याची इतकी धास्ती घेतली कीं, पुढें तो दगडी छपराखालीं कधीं राहिलाच नाहीं. आझुदा येथील टेंकडीवर लांकडी घरें उभारून त्यांतच त्यानें दरबार भरविला. राजा असा भ्यालेला, आणि राज्य मात्र त्याचा प्रधान पोंबाल याच्या मुठींत. हा पोंबाल विलक्षण कर्तबगार होता. पडलेलें शहर सरळ रुंद रस्त्यांचें करून त्यानें पुनः उभें केलें. परंतु त्याच्या कर्तृत्वाला क्रौर्याची जोड होती. १७५८ मध्यें राजावर कोणीं गोळ्या झाडल्या. त्या निमित्तानें तावोरा नांवाच्या सरदार घराण्यांतील स्त्रीपुरुषांना त्यानें १७५९ च्या जानेवारींत हालहाल करून मारविलें, आणि त्याच वर्षीं जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंस देशांतून हांकून लाविलें. तुरुंग संशयितांनीं भरून गेले.

पेद्रुचें मन जेझुइटांकडे आणि जुन्या सरदारांकडे ओढ घेणारें होतें. प्रधानाला तो आवडणें शक्यच नव्हतें. मारियेला वगळून तिच्या मुलालाच, म्हणजे धाकट्या जुझेला, गादीवर बसवावें असा घाट पोंबालनें घातला होता, असेंही सांगतात. राजाचा सख्खा भाऊ आणि भावी राणीचा पति असलेल्या माणसाला या स्थितींत फळी उभारणें अवघड नव्हतें. असंतुष्ट सरदार हवे तितके मिळाले असते. आपल्याकडील भाऊबंदकीच्या कथा ज्यांनीं वाचल्या आहेत त्यांना अशा वेळीं काय घडतें हें सांगावयास नको. पेद्रुनें तसें कांहीं केलें नाहीं. तो केलुझला राहिला, प्रार्थना करीत राहिला, वाडा बांधीत राहिला. कोणी याला भित्रेपणा म्हणतील. परंतु भाऊ जिवंत असतांना भावाच्या राज्यांत दुही माजवावयाची नाहीं, एवढा निश्चय सतरा वर्षें टिकविण्यासही कांहीं धैर्य लागतें, हें आपण विसरूं नये.

२४ फेब्रुवारी १७७७ रोजीं जुझे वारला आणि मारिया राणी झाली. पोर्तुगालच्या इतिहासांत स्वतःच्या हक्कानें निर्वेधपणें राज्यावर आलेली ही पहिलीच स्त्री. आतां पेद्रुचें स्थान कोणतें? या बाबतींत त्या देशाची चाल मोठी चमत्कारिक होती. राणीच्या पतीला ‘राजा’ ही पदवी मिळे, परंतु ती लग्नामुळें नव्हे. राणीला अपत्य झाल्यावर. राज्याच्या वारसाचा बाप झाला कीं मगच तो राजा. पेद्रुला मुलें आधींच झालेलीं असल्यामुळें पत्नी राणी झाली त्याच क्षणीं तो ‘तिसरा पेद्रु’ झाला. १३ मे १७७७ रोजीं लिस्बनच्या नदीकांठच्या चौकांत राणीच्या नांवाचा मोठ्या थाटानें जयघोष झाला. येथें एक लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १६४६ मध्यें चौथा जुवांव या राजानें आपला मुकुट मेरीमातेला अर्पण केला होता, आणि तेव्हांपासून पोर्तुगालचे राजे मुकुट मस्तकावर चढवीत नसत. समर्थांच्या झोळींत राज्य टाकणाऱ्या शिवछत्रपतींची जी कथा आपण ऐकत आलों आहोंत, तिची येथें सहजच आठवण होते.

त्या वर्षापासून निघालेल्या सोन्याच्या नाण्यांवर दोघांचीही मुखें जोडीनें कोरलेलीं आहेत, आणि भोंवतालच्या लेखांत आधीं मारियेचें नांव असून मग पेद्रुचें आहे. त्या क्रमांत सर्व कांहीं आलें. सत्ता तिची होती. तो राजा म्हणवीत असे, तिच्या शेजारीं बसत असे, परंतु राज्याचा हक्क तिच्यामुळें होता आणि ती गेली असती तर तो मुलाकडे जाणार होता, याकडे नव्हे. साठ वर्षांचा हा वृद्ध गृहस्थ वयानें चुलता, नात्यानें पति, आणि पदानें मात्र पत्नीचा दुय्यम होता. या तिन्ही नात्यांची ओढाताण त्यानें घरांत होऊं दिली नाहीं, हीच त्याची मोठी कामगिरी होय.

राज्यावर येतांच पहिलें काम झालें तें पोंबालला निरोप देण्याचें. ४ मार्च १७७७ रोजीं त्याचा राजीनामा मंजूर झाला आणि तुरुंगांची दारें उघडलीं. कित्येक लोक अठरा-अठरा वर्षांनीं उजेडांत आले. पुढें पोंबालची चौकशी झाली, तो दोषी ठरला. परंतु वय व आजार लक्षांत घेऊन राणीनें त्याला शिक्षा केली नाहीं. राजधानीपासून दूर राहावें एवढीच आज्ञा १७८१ त झाली आणि दुसऱ्याच वर्षीं तो वारला. ज्या माणसानें इतक्यांना वधस्तंभावर चढविलें तो आपल्या अंथरुणावर मेला. त्याच्या हाताखालीं तयार झालेल्या सर्वच अधिकाऱ्यांना काढून टाकलें असेंही झालें नाहीं. आरमार व समुद्रापलीकडील मुलूख ज्याच्याकडे होता, तो मार्तिन्यु द मेलु इ काश्त्रु हा मंत्री पूर्वींच्याच जागेवर राहिला. गोव्याचे खलिते त्याच्याकडेच जात. स्पेनशीं तह झाला, १७७९ मध्यें लिस्बनला विज्ञानपरिषद् स्थापन झाली, आणि अनाथ मुलांसाठीं पुढील वर्षीं मोठी संस्था निघाली. सूड टाळणारें असें हें राज्य होतें, आणि तसें असण्यांत राणीच्या स्वभावाइतकाच तिच्या पतीच्या शांतपणाचाही भाग असला पाहिजे.

परंतु चांगुलपणा आणि पारख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेद्रुविषयीं एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एखाद्या जागेसाठीं कोणाचेंही नांव पुढें आलें कीं हा म्हणे, ‘समर्थ आहे आणि योग्य आहे.’ दुसऱ्याचें नांव आलें तरी तेंच, तिसऱ्याचें आलें तरी तेंच. पोर्तुगीज भाषेंतील त्या दोन शब्दांची गंमतीनें सांगड घालून लोकांनीं त्याला ‘कापासिदोनिउ’ असें टोपणनांव दिलें. आम्ही शिक्षक शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रत्येकाची वर्तणूक ‘चांगली’ असें लिहितों, त्यांतलाच हा प्रकार! मुलाच्या दाखल्यावर तें शोभतें, कारण त्याचें आयुष्य अजून पुढें असतें. राज्याच्या कारभारांत मात्र ज्याला सगळेच योग्य दिसतात त्याचा सल्ला कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. राणीला शेजारीं प्रेमळ सोबती होता. डोळस सल्लागार मात्र नव्हता.

आतां या राज्याचा आपल्या बाजूला काय अनुभव आला तें पाहूं. गोव्यांत इन्क्विझिशन नांवाचें धर्मन्यायासन १५६० पासून होतें. त्याच्या भीतीनें किती कुटुंबांनीं देव पालखींत घालून नदीपलीकडे नेले, आणि किती कुटुंबें घाटावर व कारवार-मंगळुराकडे गेलीं, याच्या कथा गोव्याकडील घराण्यांत अद्यापि सांगितल्या जातात. पोंबालनें १७७४ मध्यें हें न्यायासन बंद केलें होतें. या भाविक राणीच्या राजवटींत, १७७८ मध्यें, तें पुनः सुरू झालें. त्याची पूर्वींची धार राहिली नव्हती हें खरें, तरी तें कायमचें मिटण्यास १८१२ साल उजाडावें लागलें. श्रोतेहो, हा केवढा विरोध आहे! ज्या क्रूर प्रधानानें लिस्बनमध्यें तुरुंग भरले त्यानें गोव्यांतील लोकांच्या डोक्यावरची टांगती तलवार काढली, आणि ज्या दयाळू राणीनें लिस्बनचे तुरुंग उघडले तिच्याच अमदानींत ती तलवार पुनः टांगली गेली. राज्यकर्त्याचा खाजगी सद्गुण आणि त्याच्या राज्याचें फळ यांचा हिशेब सरळ नसतो, हें शिकण्यास याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण.

याच काळांत गोव्याची हद्दही वाढली. फोंडें, केपें, काणकोण इकडील मुलूख पूर्वींच त्यांच्याकडे गेला होता. १७८१ पासून पुढील सात वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणें हे महालही गेले. हे महाल वाडीकर सावंतांचे. कोल्हापूर आणि वाडी यांचें वैर त्या वेळीं विकोपास गेलें होतें. करवीरच्या फौजांपुढें टिकाव धरण्यासाठीं खेम सावंतांनीं पोर्तुगीजांची मदत मागितली आणि १७८८ मध्यें पेडणें तिच्या मोबदल्यांत गेलें. आम्ही कोल्हापूरकरांनीं हें वाचतांना मान खालीं घालावी अशीच ही गोष्ट आहे. दोन मराठी दरबार भांडले आणि तिसऱ्याचें राज्य वाढलें. पुणें दरबारनेंही पोर्तुगीजांशीं १७७९ त तह केला. मराठ्यांच्या आरमारानें त्यांच्या एका जहाजाचें नुकसान केलें होतें, त्याच्या भरपाईदाखल १७८३ मध्यें नगरहवेलीचीं गांवें त्यांच्याकडे गेलीं, तीं १९५४ पर्यंत सुटलीं नाहींत. मात्र या नव्या मुलुखांत देवळांस व रीतिरिवाजांस हात लावणार नाहीं, असें पोर्तुगीजांना मान्य करावें लागलें. म्हणून फोंड्याकडील देवस्थानें आजही नांदतीं दिसतात.

लिस्बनच्या दरबारीं तेव्हां गोव्याचे दोन धर्मगुरु वावरत होते, ते बापलेक. बापाचें नांव कायतानु व्हितोरिनु द फारिया. आणि मुलगा म्हणजे संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक म्हणून पुढें जगप्रसिद्ध झालेला आबे फारिया, कांदोळी गांवचा. राणीनें या तरुणाला राजवाड्यांतील प्रार्थनामंदिरांत प्रवचन करण्यास बोलाविलें. समोर राजा, राणी, सरदार, बिशप अशी सभा पाहून त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हां खालीं बसलेल्या बापानें हळूच कोंकणींत सांगितलें कीं, अरे, ही सगळी भाजी आहे, चिरून टाक ती भाजी! त्यासरशीं मुलाची भीड चेपली आणि प्रवचन उत्तम वठलें, अशी कथा आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारीं त्याचा पुतळा आहे. तो १९४५ मध्यें रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकारानेंच घडविला. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, लिस्बनच्या त्या झगमगाटांत आपल्या कोंकणच्या बोलींतलें एक वाक्य घुमलें, या कल्पनेनेंच मन प्रसन्न होतें.

२५ मे १७८६ रोजीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, पेद्रु वारला. साओ व्हिसेंत द फोरा या मठांत, त्यांच्या राजघराण्याच्या स्मशानमंदिरांत, त्याला पुरलें. त्यानंतर जें झालें तें पाहिलें म्हणजे त्याची खरी किंमत कळते. जोंवर तो होता तोंवर त्यानें काय केलें असें विचारलें तर दाखवावयास वाडा आणि बाग यांखेरीज फारसें कांहीं नव्हतें. तो गेला आणि राणीचा आधारच तुटला. दरबारांतील करमणुकी तिनें बंद केल्या. पुढील कांहीं वर्षांच्या नाण्यांवर तिचें मुख एकटेंच आहे आणि मस्तकावर विधवेचें वस्त्र आहे. १७८७ मध्यें गोव्यांत पिंतोंचें बंड म्हणून प्रसिद्ध असलेला कट उघडकीस आला. स्वजातीय धर्मगुरूंना वरच्या जागा नाकारल्या जातात या रागांतून तो उद्भवला होता. त्यांतील कित्येकांना पुढच्याच वर्षीं पणजीस देहान्त शासन झालें, आणि अनेक धर्मगुरु लिस्बनच्या कैदेंत पडले. १७८८ हें वर्ष राणीलाही काळवर्ष ठरलें. सप्टेंबरांत थोरला मुलगा जुझे देवीच्या रोगानें गेला. नोव्हेंबरांत स्पेनमध्यें दिलेली मुलगी त्याच रोगानें गेली. आणि त्याच महिन्यांत तिचा विश्वासू धर्मगुरुही वारला. तिचें मन हळूहळू ढळत गेलें. १७९२ मध्यें ती राज्य करण्यास असमर्थ आहे असें ठरून धाकटा मुलगा जुवांव कारभार पाहूं लागला. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला उपचार करणारे डॉक्टर विलिस यांना मुद्दाम बोलावून आणलें, पण उपयोग झाला नाहीं. १८०७ मध्यें नेपोलियनच्या फौजा आल्या तेव्हां या वेड्या राणीला जहाजावर घालून ब्राझिलला नेलें, आणि १८१६ मध्यें रिउ द जानेरु येथें तिचा अंत झाला. 

पेद्रुच्या केलुझ वाड्यांत पुढें त्याचा नातू, ब्राझिलला स्वतंत्र करणारा पेद्रु, १७९८ त जन्मला आणि १८३४ त तेथेंच वारला. त्या नातवाची मुलगी मारिया दुसरी ही राणी झाली, तेव्हां हाच प्रश्न पुनः उभा राहिला. तिचा पहिला पति १८३५ मध्यें लग्नानंतर दोनच महिन्यांनीं वारला. अपत्य नव्हतें म्हणून तो राजा झाला नाहीं. दुसरा पति फेर्दिनांद हा १८३७ मध्यें मुलगा होतांच राजा झाला. आपल्या पणजीला राजधानीचें नगर म्हणून ‘नवें गोवें’ हें नांव मिळालें तें १८४३ मध्यें, याच जोडप्याच्या काळांत. फेर्दिनांदचा चुलतभाऊ अल्बर्ट हा इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा पति. त्याला मात्र राजा ही पदवी कधींच मिळाली नाहीं. आणि दुसऱ्या एलिझाबेथचे पति फिलिप हेही १९५२ पासून २०२१ पर्यंत, म्हणजे एकुणसत्तर वर्षें, राणीच्या दोन पावलें मागें चालत राहिले. पदवी देशोदेशीं निराळी, स्थान मात्र एकच.

तर मग या तिसऱ्या पेद्रुला आपण काय म्हणावें? थोर राजा म्हणतां येणार नाहीं. त्याच्या हातून मोठी चूक झाली असेंही म्हणतां येणार नाहीं, कारण मोठें असें त्यानें कांहीं हातीं घेतलेंच नाहीं. इतिहासाचीं पुस्तकें त्याला एक-दोन ओळी देतात आणि पोंबालकडे वळतात. परंतु इतिहासाच्या हिशेबांत एक रकाना नेहमीं कोरा राहतो. कोणी किती बांधलें, किती जिंकलें याची नोंद होते. कोणी कोणाला सांभाळलें याची होत नाहीं. नऊ वर्षें ही राणी शहाणपणानें राज्य करूं शकली, आणि तो गेल्यावर सहा वर्षांत ती कोसळली. या दोन आंकड्यांच्या मधोमध त्या अबोल माणसाचें कर्तृत्व आहे. दुःखांचे घाले तिच्यावर अनेक पडले हें खरें. परंतु ते घाले पडले तेव्हां शेजारची जागा रिकामी होती, हेंही तितकेंच खरें.

त्याबरोबरच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेजारीं बसणाऱ्यानें नुसतें शेजारीं बसून भागत नाहीं. गोव्यांत इन्क्विझिशन पुनः उभें राहिलें तेव्हां राणीला थांबविण्याचा अधिकार प्रेमामुळें ज्याला होता असा माणूस एकच होता. दुसऱ्या स्थानावरील माणसानें पहिल्याशीं स्पर्धा करूं नये. परंतु वेळ आली असतां ‘हें योग्य नाहीं’ असें सांगण्यास कचरूंही नये. ज्याच्या तोंडीं सर्वांसाठीं ‘योग्य’ हाच एक शब्द, त्याच्या तोंडून हा दुसरा शब्द निघणें कठीणच होतें.

आपल्या घरांत आतां लेकी-सुना शिकल्या आहेत, अधिकाराच्या जागांवर बसल्या आहेत. कचेरींत पत्नीचा हुद्दा पतीहून वरचा, असें पुष्कळ ठिकाणीं दिसतें. अशा घरांतील पतीला आपल्या परंपरेंत पुढें ठेवण्याजोगीं उदाहरणें थोडीं आहेत. अडीचशें वर्षांपूर्वींच्या एका परदेशी राजानें, चुलता असून, पुरुष असून आणि राजपुत्र असून, आपलें नांव दुसऱ्या क्रमांकावर कोरलेलें नाणें सुखानें खिशांत वागविलें. त्याच्याकडून एवढें घ्यावें. आणि जेथें तो गप्प राहिला तेथें आपण बोलावें.